कुलूप माझे, माल दुसऱ्याचा

२००९ ते २०१३ या काळात मी भंडाऱ्यात दुसऱ्यांच्या मेहनतीचा माल विकून घर चालवले. गांधी चौकाजवळच्या एका गल्लीत माझे मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान होते. पाटीवर दुरुस्ती लिहिली होती, पण भाडे निघे ते मेमरी कार्डे भरून देण्यातून. कार्डात गाणी आणि सिनेमे टाकून देणारे तेव्हा गल्लोगल्ली होते. माझ्याकडे एक कला जास्तीची होती. सोनीचा पीएसपी, म्हणजे हातात धरून खेळायचा गेमचा संच, मी ‘क्रॅक’ करून देत असे आणि त्यात पाहिजे ते गेम भरून देत असे. जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतून, वरठीहून, तुमसर-साकोलीहून पोरे माझा पत्ता विचारत येत.

त्या धंद्यामुळे माझ्याकडून तीन मोठ्या चुका झाल्या. पहिली एका गिऱ्हाइकाशी, दुसरी ज्यांचा माल मी विकला त्यांच्याशी आणि तिसरी माझ्या सख्ख्या भाच्याशी. पहिल्या दोन लोभापायी झाल्या, तिसरी पश्चात्तापापायी. त्या आता लिहायला घेतल्या, कारण अलीकडे दिवाळी जवळ आली की आईबाप पुन्हा तोच प्रश्न घेऊन दुकानात येतात. ऑनलाइन मिळणारा चिनी बनावटीचा हँडहेल्ड, आत हजारो जुने गेम आधीच भरलेले, किंमतही खिशाला परवडणारी. पोराला घ्यावा का? या प्रश्नाचे नीट उत्तर मला फार उशिरा सापडले. म्हणून ते सविस्तर सांगतो.

पीएसपी जपानमध्ये डिसेंबर २००४ मध्ये विक्रीला आला. ४.३ इंची पडदा, दोन्ही हातांत नीट बसणारा आकार, आणि गेम येत ते यूएमडी नावाच्या तबकडीवर. ६० मिलिमीटर व्यासाची ही तबकडी प्लॅस्टिकच्या कवचात बंद असे आणि तिच्यात १.८ जीबीपर्यंत माहिती मावे. सोनीने सही केलेला प्रोग्राम असेल तरच संच तो चालवी, बाकी काही आत शिरू देत नसे. भंडाऱ्यात मला कुठेही यूएमडी मिळत नव्हती. त्यासाठी साठेक किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागे, आणि नव्या गेमला हजारावर रुपये मोजावे लागत. एवढ्या पैशांत पोराची शाळेची पुस्तके, वह्या आणि दप्तर आले असते. पीएसपी घरात यायचा तो बहुधा मामाने किंवा काकाने दिलेला, सोबत एखादी यूएमडी. ती महिनाभरात खेळून संपे. मग पोरे माझ्याकडे येत.

सोनीच्या सहीचे हे कुलूप पहिल्यांदा तुटले ते २००५ मध्ये. सुरुवातीच्या १.५० या फर्मवेअरमध्ये, म्हणजे संच चालवणाऱ्या आतल्या मूळ प्रोग्राममध्ये, एक खोट सापडली आणि लोकांना स्वतः लिहिलेले प्रोग्राम पीएसपीवर चालवता येऊ लागले. पुढच्या वर्षापासून डार्क अ‍ॅलेक्स या नावाने वावरणाऱ्या एका स्पॅनिश प्रोग्रामरने सोनीच्या फर्मवेअरला पर्यायी फर्मवेअर तयार करायला सुरुवात केली. ऑगस्ट २००७ मध्ये आली ‘पँडोरा बॅटरी’. तिची करामत समजली तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती. सर्व्हिस सेंटरवाल्यांना बंद पडलेला संच उघडता यावा म्हणून सोनीने एक मागची वाट ठेवली होती. बॅटरीतल्या चिपमध्ये तिचा क्रमांक लिहिलेला असतो. तो एका ठरावीक रूपात आढळला की संच आपल्या आतल्या मेमरीकडे पाहतच नाही, थेट मेमरी स्टिक या त्याच्या कार्डावरून सुरू होतो.

मी एक जुनी बॅटरी उघडली. वरचे प्लॅस्टिकचे झाकण ब्लेडने हलकेच सोडवले. आत पिवळ्या टेपखाली नखाएवढी सर्किट पट्टी आणि तिच्यावर आठ पायांची चिप. सोल्डरिंगची टोकदार पेन्सिल लावून सुईने तिचा पाचवा पाय उचलायचा. हात थरथरला तर पाय तुटतो आणि बॅटरी वाया जाते. पाय उचलला, टेप परत चिकटवली आणि बॅटरी एका मेलेल्या संचात घातली. बटण दाबायच्या आधीच हिरवा दिवा लागला. तो संच नागपूरच्या एका दुरुस्तीवाल्याने भंगार म्हणून परत पाठवला होता. तासाभरात तो चालू झाला. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला याहून मोठे समाधान नसते. त्या दिवशी मी कोणाचे काहीही लुबाडले नव्हते, हे मी आजही ठामपणे सांगतो. बंद पडलेली वस्तू मी तिच्या मालकाला चालू करून दिली होती.

पण त्याच आठवड्यात मी त्या संचात गेम भरायला सुरुवात केली. यूएमडीतल्या माहितीची जशीच्या तशी फाईल तयार झालेली मिळे. ती मेमरी स्टिकवर टाकली की तबकडीशिवाय गेम चालत असे. हार्ड डिस्कवर गेमचा साठा वाढत गेला. पोरांना पाहायला मी यादीची छापील प्रत काउंटरवर ठेवली. संच क्रॅक करायचे वेगळे पैसे आणि गेम भरायचे वेगळे.

आता पहिली चूक सांगतो.

सोनी स्वस्थ बसली नव्हती. पीएसपी-२००० या सडपातळ मॉडेलच्या शेवटच्या काळात तिने आतला बोर्ड बदलला. हा टीए-०८८ बोर्डाचा तिसरा प्रकार, आणि त्याला पँडोरा बॅटरी लागू पडत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या पीएसपी-३००० मध्येही तीच तटबंदी होती. पुढे मे २००९ मध्ये एका चित्राच्या फाईलमधून आत शिरायची युक्ती निघाली, पण ती तात्पुरती होती. संच बंद केला की सगळे पूर्ववत होई. अशा बोर्डावर कायमचे फर्मवेअर लिहायला गेले तर संच डेड होतो, आणि पँडोरा चालत नसल्यामुळे तो परत उठवायचा मार्गही उरत नाही. हे मला माहीत होते, मी ते वाचले होते. अडचण इतकीच की जुना बोर्ड आणि नवा बोर्ड बाहेरून सारखेच दिसत.

दिवाळीनंतरचे दिवस होते. आमच्याकडे तेव्हा गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री नाटके आणि दंडार होते. खेड्यांतून आलेल्या गिऱ्हाइकांची दुकानात रीघ लागलेली असते. नववीतला एक मुलगा वडिलांसोबत सडपातळ पीएसपी घेऊन आला. मी पँडोरा लावली. संच सुरू झाला नाही. माझीच बॅटरी सैल झाली असेल असे मी मनाशी धरले. थांबून बोर्ड तपासायला हवा होता, पण काउंटरवर पाच-सहा माणसे कार्डे घेऊन उभी होती. चित्राच्या वाटेने आत शिरून मी कायमचे फर्मवेअर लिहायला घेतले. काम संपल्याची पट्टी पूर्ण भरली, संच बंद झाला आणि पुन्हा सुरू केला तेव्हा फक्त हिरवा दिवा लागला. पडदा काळाच राहिला. बॅटरी काढली, घातली, चार्जर लावला. हिरवा दिवा आणि काळा पडदा, यापलीकडे काही होईना.

मी त्या वडिलांना सांगितले, “याचा बोर्ड आधीच गेलेला होता.”

मुलगा म्हणाला, “घरी तर चालत होता जी.”

“येताना गाडीवर धक्के बसतात, तेवढ्याने पण जातो,” मी म्हणालो. आणि वर तपासणीचे शंभर रुपये मागितले. वडिलांनी खिशातून काढून दिले. मुलगा पुढे काही बोलला नाही. त्याने संच कापडी पिशवीत ठेवला आणि दोघे गेले.

संच डेड होणे हा धंद्यातला अपघात म्हणता येईल. खोटे बोलणे हा अपघात नव्हता. शंभर रुपये घेणे तर नव्हतेच. खरे सांगितले असते तर मला संचाची भरपाई द्यावी लागली असती. त्या महिन्याची कमाई गेली असती, एवढेच. पुढे ते कुटुंब बदली होऊन बाहेर गेल्याचे कळले आणि माझा त्यांच्याशी संबंध उरला नाही. ते पैसे मी परत करू शकलो नाही. जो धंदा उघडपणे करता येत नाही, त्यात पावती नसते, हमी नसते आणि तक्रार घेऊन जायला जागाही नसते. त्या वडिलांनी कोणाकडे जावे? चोरून गेम भरायला आलो होतो, असे सांगत ग्राहक मंचात कोण जाईल? माझा खोटेपणा खपला तो याच अडचणीच्या आधाराने.

दुसरी चूक याहून मोठी आहे, कारण ती मी रोज केली आणि करताना मनाची समजूतही घालत राहिलो.

समजूत तीन मुद्द्यांची होती. सोनी ही जपानची अवाढव्य कंपनी, भंडाऱ्यातल्या चार पोरांनी तिचे काय बिघडते? दुसरे, गेम इथे विकायलाच ठेवले नाहीत, तर पोरांनी घ्यायचे कुठून? आणि तिसरे, या पोरांकडे हजार रुपये नव्हतेच, म्हणजे विक्री बुडाली असे कसे म्हणायचे? हे मुद्दे मी गिऱ्हाइकांना ऐकवायचो आणि ते माना डोलवायचे. आपल्याला हवे ते ऐकवणाऱ्याला कोण अडवतो?

यातला तिसरा मुद्दा अगदीच खोटा नाही. २०१० मध्ये जपानच्या गेम उद्योगाच्या संघटनेने एक अंदाज मांडला. पीएसपी आणि निन्टेंडो डीएस या दोन हँडहेल्डच्या पायरसीमुळे २००४ ते २००९ या काळात जगभरात सुमारे ३.८ लाख कोटी येनचे नुकसान झाले, असा तो अंदाज होता. तो डाउनलोडच्या संख्येवरून काढलेला होता. प्रत्येक डाउनलोड म्हणजे एक बुडालेली विक्री धरली तर आकडा असाच फुगतो. माझ्याकडे कार्ड भरणाऱ्या बहुतेक पोरांनी ते गेम विकत घेतलेच नसते. इथवर माझे म्हणणे बरोबर होते.

चूक पुढे होती. पोरांकडे गेमच्या मालकाला द्यायला पैसे नव्हते, पण मला द्यायला होते. कार्ड भरायचे पैसे ते देतच होते. फुकट वाटले असते तर निदान माझ्या मुद्द्याला काही आधार राहिला असता. मी विकत होतो. गेम बनवणाऱ्याला एक पैसा जात नव्हता आणि मधल्या माझ्यासारख्याचे घर चालत होते. तीन मुद्द्यांच्या आड मी ही गोष्ट स्वतःपासून लपवली.

ती उघडी पडली एका शाहिरामुळे. मोहाडीकडचे खडी गंमत करणारे शाहीर, वयाने साठीच्या आसपासचे, मोबाइल दुरुस्तीला घेऊन आले होते. खडी गंमत ही आमच्या झाडीपट्टीतली रात्रभर चालणारी लोककला. शाहीर डफ घेऊन गातो, नाच्या असतो, सवाल-जवाब रंगतात. त्यांच्या मंडळाने पदरचे पैसे घालून एक व्हिडिओ सीडी काढली होती आणि मंडईत स्टॉल लावून ते ती विकत. दुकानात एक पोरगा नुकतेच भरलेले कार्ड मोबाइलमध्ये घालून तपासत होता. आवाज शाहिरांचाच निघाला.

ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “भाऊ, ही तर माझीच गंमत आहे. ह्या कार्डात कशी आली जी?”

मी म्हणालो, “सगळ्यांकडेच आहे बाबा.”

“तरीच यंदा मंडईत आमची सीडी उठलीच नाही,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांनी विचारले, “किती जणाले भरून देली?” मला आकडा सांगता आला नाही. मी कधी मोजलेच नव्हते. त्यांनी दुरुस्तीचे पैसे काउंटरवर ठेवले, मी नको म्हटले तरी ठेवले, आणि निघून गेले.

माझे तिन्ही मुद्दे या माणसापुढे कुचकामी होते. ते जपानची कंपनी नव्हते. त्यांची सीडी इथेच, मंडईत, स्टॉलवर मिळत होती. आणि ती घ्यायला पोरांकडे पैसे होते, कारण त्याच पैशांत ती माझ्याकडून कार्ड भरून घेत होती.

त्या रात्री मी हार्ड डिस्कवरची पीएसपीची यादी वेगळ्या नजरेने चाळली. तिच्यात ‘देसी अड्डा’ होता. कबड्डी आणि विटीदांडूसारखे आपले खेळ असलेला हा गेम २००९ मध्ये हैदराबादच्या गेमशास्त्र या स्टुडिओने बनवला होता, पीएस-२ आणि पीएसपीसाठी. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ही यादीत होता. आपल्या देशातल्या तरुण प्रोग्रामरांनी सोनीच्या या संचांसाठी केलेले हे अगदी सुरुवातीचे प्रयत्न. परदेशी बड्या कंपनीचे काय बिघडते, असे म्हणत मी हेही कार्डांत भरले होते. हे स्टुडिओ माझ्यामुळे अडचणीत आले असे मी म्हणणार नाही, तसा हिशेब कोणी मांडू शकत नाही. पण आपल्या मातीतले गेम का बनत नाहीत म्हणून कुरकुरायचा हक्क मी त्या कार्डांबरोबर गमावला होता.

धंदा एका दिवसात थांबला नाही. हळूहळू कमी केला आणि २०१३ मध्ये पूर्ण बंद केला. त्या सुमारास मी पहिल्यांदा कायदा नीट वाचला. तो आधी वाचायला हवा होता, कारण त्यात जे आहे ते माझ्या समजुतीपेक्षा कडकही निघाले आणि उदारही.

कडक असे, की कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. माझ्या कार्डांत सिनेमेही असत. महाराष्ट्राच्या १९८१ च्या स्थानबद्धतेच्या ज्या कायद्याला आपण एमपीडीए म्हणतो, त्यात २००९ साली व्हिडिओ पायरेटची भर पडली. पुढे त्याच कायद्यात वाळू तस्कर आले. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या आम्हा लोकांना या कायद्याचे नाव वाळूमुळे चांगले ओळखीचे आहे. नदीतली वाळू रात्री उपसणाऱ्यांना मी सगळ्यांसोबत नावे ठेवत होतो. त्यांच्या शेजारीच आपलीही जागा आहे हे माझ्या गावी नव्हते.

उदार असे, की हाच कायदा कुलूप उघडणाऱ्या प्रत्येकाला गुन्हेगार धरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५अ आले. तांत्रिक संरक्षण तोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद, पण ते हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तोडले असेल तरच. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी तोडायला मुभा आहे. असे काम दुसऱ्यासाठी करून देणाऱ्याने मात्र त्या माणसाचे नाव, पत्ता आणि काम कशासाठी केले याची नोंद ठेवायची आहे. कलम ५२ मध्ये आणखी एक सवलत आहे. संगणक प्रोग्रामची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याला ती हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून स्वतःपुरती राखीव प्रत काढता येते. म्हणजे मेलेला पीएसपी पँडोराने उठवणारा मी कायद्याच्या आतच होतो. यादी छापून काउंटरवर ठेवणारा मी बाहेर होतो. कुलूप माझ्या संचाचे असेल तर ते उघडायचा अधिकार मला आहे. त्या उघड्या दारातून दुसऱ्याचा माल आणून विकायचा अधिकार मात्र त्यातून मिळत नाही.

हे तेव्हा मला वाचून कळले होते, पण अंगी मुरले नव्हते. म्हणूनच तिसरी चूक झाली.

माझा भाचा तेव्हा आठवीत होता. मीच त्याला क्रॅक केलेला एक जुना पीएसपी दिला होता. त्याला खेळण्यापेक्षा त्याच्या आत काय आहे याचे वेड जास्त. क्रॅक केलेल्या पीएसपीवर ‘लुआ प्लेअर’ नावाचा एक छोटा प्रोग्राम चाले. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लुआ भाषेत काही ओळी लिहायच्या, ती फाईल मेमरी स्टिकवर टाकायची आणि संच त्या ओळींप्रमाणे वागे. भाच्याने त्यावर लहान बहिणीसाठी बाराखडी करायला घेतली. त्याला देवनागरी अक्षरे पडद्यावर आणता येईनात, म्हणून त्याने संगणकावर एकेक अक्षर चित्र म्हणून काढले. ‘क’चे एक चित्र, ‘का’चे दुसरे, ‘कि’चे तिसरे. ‘ळ’ नीट उमटेना म्हणून तो एक संध्याकाळ त्याच्यावरच बसला होता. उजवे बटण दाबले की पुढचे अक्षर, डावे दाबले की मागचे. ‘ज्ञ’पर्यंत पोहोचायच्या आत मी ते बंद पाडले.

मी धंदा सोडला होता आणि मला क्रॅक या शब्दाचाच तिटकारा आला होता. मी त्याच्याकडून संच काढून घेतला, मूळ फर्मवेअर परत चढवले आणि त्याला बजावले, “हे सगळे चोरीचे धंदे आहेत. पुन्हा हात लावायचा नाही.” तो म्हणाला, “मामा, मी कोणाचा गेम घेतला?” मी उत्तर दिले नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याने कोणाचाच गेम घेतला नव्हता. तो स्वतःच्या संचावर स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवत होता. माझ्या पापाचे प्रायश्चित्त मी त्याच्याकडून वसूल केले. त्याने पुढे लुआ सोडले. आज तो चांगल्या नोकरीत आहे, पण प्रोग्रामिंगकडे पुन्हा वळला नाही. कदाचित तसाही वळला नसता. पण ती वाट मी बंद केली, हे खरे आहे.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे जगाकडे पाहून सापडले. २०१८ मध्ये निन्टेंडो स्विच या गेमच्या संचाच्या आतल्या टेग्रा चिपमध्ये एक खोट उघड झाली. ती चिपवर कायमची कोरलेली होती, त्यामुळे विकल्या गेलेल्या संचांत ती अपडेट पाठवून दुरुस्त करता येण्याजोगी नव्हती. ती शोधणाऱ्यांपैकी केट टेमकिन यांनी आधी चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाला आणि निन्टेंडोला कळवले, मगच जगापुढे मांडली. त्याच खोटेवर टीम झेक्युटर नावाच्या टोळीने चोरीचे गेम चालवणारी साधने बनवून विकली. तिच्यातला गॅरी बाउझर २०२० मध्ये पकडला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला ४० महिन्यांची शिक्षा झाली. दिवाणी दाव्यात निन्टेंडोला एक कोटी डॉलर देणेही त्याच्या माथी आले. खोट तीच. तिचा अभ्यास करणाऱ्या बाई तज्ज्ञ म्हणून ओळखल्या गेल्या आणि विक्री सांभाळणारा माणूस तुरुंगात गेला. भंडाऱ्याच्या माझ्या दुकानात विक्री सांभाळणारा मी होतो, आणि अभ्यास करणारा माझा भाचा होता. मी त्याला माझ्या रांगेत उभे केले.

कुलूप उघडणाऱ्यांची गरज दुसऱ्या कारणानेही आहे. पीएसपीवर खरेदी करायची सोय सोनीने जुलै २०२१ मध्ये बंद केली. निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या संचांची ऑनलाइन दुकाने मार्च २०२३ मध्ये बंद केली. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने त्याच वर्षी अभ्यास करून सांगितले, की अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत. जे विकत मिळतच नाही ते जपून ठेवायचे कोणी? यूएमडी वाचणारे भाग झिजतात, मूळ बॅटऱ्या फुगतात. अशा संचांना आज जिवंत ठेवतात ती एकेकाळी कुलूप उघडणारी माणसेच. या बाजूच्या लोकांना सरसकट चोर म्हणणे मी सोडले आहे. आणि ‘आम्ही जतन करतो’ म्हणत चालू गेमच्या प्रती विकणाऱ्यांना जतन करणारे म्हणणेही सोडले आहे.

आता दिवाळीच्या प्रश्नाकडे येतो. हजारो गेम आधीच भरलेला हँडहेल्ड घ्यावा का? संच घ्यायला हरकत नाही. यंत्र म्हणून तो एक छोटा संगणकच असतो. पण आत भरलेले ते हजारो गेम बनवणाऱ्यांनी दिलेले नसतात. माझ्यासारख्याच कोणीतरी ते कार्डात भरलेले असतात आणि किमतीत त्याचे पैसे लावलेले असतात. इटलीच्या पोलिसांनी २०२४ मध्ये असे सुमारे १२ हजार संच जप्त केले, त्यांत मिळून चोरीच्या चार कोटींहून अधिक प्रती होत्या. माझा सल्ला असा, की असा संच घेतलाच तर ते कार्ड काढून टाका. गेम बनवणाऱ्यांनी स्वतः मोफत दिलेले खेळ त्यावर घाला. त्याहून चांगले म्हणजे पोराला स्वतःचा एक खेळ बनवायला सांगा. लुआ आजही मोफत आहे, आणि आता पडद्यावर देवनागरी आणायला अक्षरागणिक चित्र काढावे लागत नाही.

मी पुन्हा दुरुस्तीच्या धंद्यात आहे. जुने हँडहेल्ड उघडतो, बॅटऱ्या बदलतो, मेलेले फर्मवेअर परत बसवतो. काउंटरवर यादीच्या जागी एक वही आहे. तिच्यात गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, काय उघडले आणि कशासाठी, हे लिहितो. संच माझ्या हातून बिघडला तर भरपाई देतो, आणि हे काम घेण्याआधीच सांगतो.

भंडारा, तुमसर, साकोली, पवनीतल्या माझ्या धंद्यातल्या भावांना एवढेच सांगायचे आहे, की दुरुस्तीचे पैसे बिनदिक्कत घ्या, ते आपल्या हाताचे आहेत. भरून देण्याचे पैसे आपले नाहीत. आणि आईबापांना विनंती आहे. पोराने यंत्र उघडून बघायचे म्हटले तर त्याला पेचकस आणून द्या, शेजारी बसा. फुकटच्या गेमचे कार्ड मागितले तर नाही म्हणा, आणि का नाही म्हणता तेही त्याला समजावून सांगा.